नळीतून वाया जाणाऱ्या गॅसला कामाला लावणारा माणूस: जॉन ब्राउनिंग, गॅस पिस्टन आणि डायरेक्ट इंपिंजमेंट



बीजीएमआय खेळताना पी१९११ पिस्तूल तुम्ही कितीतरी वेळा उचललं असेल, आणि जरा बरं हत्यार मिळालं की तिथेच टाकून पुढे गेला असाल. त्याच गेममध्ये एसएलआर आहे, एकेएम आहे, एम४१६ आहे, एम१६ए४ आहे. यातली कुठली भारी, यावर मित्रांमध्ये वाद होतात. मग यूट्यूबवर शोधायला गेलं की दोन शब्द सारखे कानावर पडतात: गॅस पिस्टन आणि डायरेक्ट इंपिंजमेंट. दोन्ही बाजूंचे लोक आपलंच खरं म्हणून अडून बसलेले असतात.

हा वाद नीट समजून घ्यायचा असेल तर आधी एका माणसाची ओळख करून घ्यायला हवी. पी१९११ ज्या पिस्तुलावरून घेतलंय ते त्याचंच डिझाइन. एसएलआर ज्याने घडवली तो त्याच्याच हाताखाली काम केलेला इंजिनिअर. नाव जॉन मोझेस ब्राउनिंग. जन्म १८५५, मृत्यू १९२६. गोळी सुटल्यावर नळीतून फुकट बाहेर पडणाऱ्या गॅसकडून काम करून घेता येतं, हे त्याने स्वतः मशीन बनवून दाखवलं. आजच्या बहुतेक लष्करी रायफली त्याच कल्पनेवर चालतात.

मी आमगावचा, गोंदिया जिल्ह्यातला. पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. मला बंदुकांचा छंद वगैरे नाही. पण आमच्या सालेकसा, देवरीच्या बाजूला जंगल आहे, नक्षलवादाचा काळ आमच्या जिल्ह्याने पाहिलाय, आणि खांद्याला एसएलआर अडकवलेले पोलीस जवान आमच्याकडे कुणाला नवीन नाहीत. त्यामुळे ही मशीन आतून चालते कशी, हा माझ्यासाठी नुसता गेमचा प्रश्न नाही. भर पावसात, जंगलात रायफल अडकली तर तिथे पुन्हा जिवंत व्हायचं बटण नसतं.

आधी प्रॉब्लेम काय होता ते बघू

ट्रिगर दाबला की काडतुसातली दारू पेटते आणि क्षणात तिचा प्रचंड दाबाचा, तापलेला गॅस होतो. हा गॅस गोळीला पुढे ढकलतो. गोळी बाहेर पडते आणि तिच्या मागोमाग उरलेला गॅसही नळीच्या तोंडातून हवेत जातो.

या गॅसमध्ये किती ताकद असते? आमच्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यात जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे. तिथे अशीच दारू आणि स्फोटकं तयार होतात. जानेवारी २०२५ मध्ये तिथे स्फोट झाला आणि कामगारांचे जीव गेले, ती बातमी अजून कुणी विसरलेलं नाही. हे रसायन काय चीज आहे ते आमच्या भागातल्या लोकांना वेगळं सांगावं लागत नाही.

आता गोळी सुटल्यावर बंदुकीला पुढची कामं करायची असतात. मागचं दार, म्हणजे बोल्ट, उघडायचं. रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकायची. पुढच्या फायरसाठी हॅमर ताणायचा. नवीन काडतूस आत ढकलायचं. दार पुन्हा बंद करून कुलूप लावायचं. ब्राउनिंगच्या तरुणपणी हे सगळं माणसाच्या हाताने व्हायचं. काही बंदुकींना खालच्या बाजूला लिव्हर असायची, ती पुढे-मागे करायची. गॅटलिंग गनला तर विहिरीच्या रहाटासारखा दांडा फिरवावा लागायचा.

ही मेहनत बंदुकीनेच करावी, असं पहिल्यांदा जमवलं ते हायराम मॅक्झिमने, १८८० च्या दशकात. त्याने बंदुकीचा मागे बसणारा धक्का वापरला. ब्राउनिंगने त्याच प्रश्नावर दुसरी वाट काढली.

ओग्डेन गावचा पोरगा

अमेरिकेच्या यूटा भागात ओग्डेन नावाचं गाव. जॉनचे वडील जोनाथन ब्राउनिंग तिथे बंदुका दुरुस्त करायचे. मॉर्मन पंथाचं कुटुंब. तीन बायका आणि २२ मुलं, म्हणजे घर केवढं मोठं असेल बघा. जॉन खेळायचा कुठे, तर वडिलांच्या दुकानात, मोडक्या बंदुकींच्या ढिगात. पंधरा वर्षांच्या आसपास शाळा सुटली. तोवर भावासाठी स्वतःच्या हाताने एक रायफल बनवून झाली होती.

१८७९ मध्ये वडील गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जॉनला पहिलं पेटंट मिळालं, एका वेळी एकच गोळी झाडणाऱ्या रायफलीचं. तेव्हा तो २४ वर्षांचा होता. भावांना सोबत घेऊन त्याने गावातच छोटा कारखाना टाकला आणि हाताशी असलेल्या साध्या मशीनवर या रायफली बनवायला सुरुवात केली.

यातली एक रायफल विंचेस्टर कंपनीच्या नजरेस पडली. विंचेस्टर म्हणजे तेव्हाची बंदुकींची बडी कंपनी. १८८३ मध्ये तिचा मोठा अधिकारी रेल्वेने थेट ओग्डेनला आला आणि ८,००० डॉलर देऊन त्या डिझाइनचे हक्क घेऊन गेला. त्यानंतर जवळपास १९ वर्षं ब्राउनिंग डिझाइन करत राहिला आणि विंचेस्टर विकत घेत राहिली. १८८६, १८९२ आणि १८९४ सालच्या तिच्या गाजलेल्या लिव्हर रायफली त्याच्याच डोक्यातून निघाल्या आहेत.

त्याची काम करण्याची पद्धत आपल्या क्षेत्रातल्या लोकांना आवडेल अशी होती. आधी शंभर पानांचं डॉक्युमेंट, मग काम, असलं काही नाही. कल्पना डोक्यात पक्की झाली की भावांच्या मदतीने सरळ लोखंडात तिचा नमुना घडवायचा, चालवून बघायचा, बिघडला की कापून दुरुस्त करायचा.

गवत हललं आणि डोकं चाललं

१८८९ ची गोष्ट. ब्राउनिंग नेमबाजीला गेला होता. जवळच एक जण रायफल झाडत होता आणि समोर उंच गवत होतं. दर गोळीला ते गवत झपकन आडवं व्हायचं. गोळी गवताला लागत नव्हती. ते झुकत होतं नळीतून बाहेर पडणाऱ्या गॅसच्या झोतामुळे.

हे दृश्य त्याआधी हजारो लोकांनी पाहिलं असणार. ब्राउनिंगला त्यात वाया चाललेली ताकद दिसली. आमच्या गोंदिया भागातलं उदाहरण देतो. राईस मिलमध्ये धान भरडलं की कोंड्याचे ढीग पडतात. उसना तांदूळ बनवणाऱ्या मिलमध्ये तोच कोंडा बॉयलरमध्ये जातो, त्याची वाफ होते आणि त्या वाफेवर पुढचं धान शिजतं. टाकाऊ वस्तूच मशीनचं इंधन होते. ब्राउनिंगने गॅसकडे असंच पाहिलं.

दुकानात परत येऊन त्याने एक सोपा प्रयोग केला. रायफल घट्ट बांधली. नळीच्या तोंडापुढे लोखंडाचा तुकडा ठेवला. त्याला गोळी आरपार जाईल एवढंच भोक. ट्रिगर ओढला. गोळी भोकातून निघून गेली आणि मागच्या गॅसने लोखंड उडवून दिलं. ताकद किती आहे याचा अंदाज आला.

मग त्याने विंचेस्टरच्या एका रायफलीच्या तोंडाशी वाटीसारखी टोपी बसवली आणि एका सळईने ती लिव्हरला जोडली. गॅसने टोपी पुढे ढकलली की सळईमुळे लिव्हर आपोआप हलायची. माणसाचं काम गॅस करू लागला.

पुढच्या नमुन्यांमध्ये टोपी गेली. गॅस घ्यायला नळीलाच एक छोटं छिद्र आलं. यातून तयार झालेली मशीनगन त्याने १८९१ मध्ये कोल्ट कंपनीला नेऊन दाखवली. हाताने ठोकून बनवलेली, दिसायला ओबडधोबड. पण २०० गोळ्या न अडखळता चालल्या. नंतर अमेरिकन नौदलाच्या लोकांसमोर सलग ३ मिनिटांत १,८०० गोळ्या झाडून दाखवल्या. नळी तापून लाल झाली, तरी बंदूक थांबली नाही.

हीच पुढे कोल्ट-ब्राउनिंग १८९५ म्हणून ओळखली गेली. हिच्या खालच्या बाजूला एक दांडा होता, तो गॅसच्या धक्क्याने खाली झुलायचा. बंदूक जमिनीच्या फार जवळ ठेवली तर तो दांडा माती उकरायचा! सैनिकांनी तिचं नाव ठेवलं बटाटे खणणारी.

एकच माणूस, कामाप्रमाणे वेगळं उत्तर

१९०२ मध्ये विंचेस्टरशी त्याचं बिनसलं. आपोआप भरणाऱ्या नव्या शॉटगनवर त्याला एकरकमी पैशांऐवजी रॉयल्टी हवी होती, कंपनी तयार नव्हती. तो रेमिंग्टनकडे गेला, तर भेटीच्या दिवशीच त्या कंपनीच्या प्रमुखाचं हृदयविकाराने निधन झालं. शेवटी बंदूक घेऊन तो जहाजाने बेल्जियमला गेला. लिएज शहराजवळच्या एफएन कंपनीशी त्याची आधीपासून ओळख होती. हे नातं शेवटपर्यंत टिकलं.

त्याच्या पुढच्या तीन डिझाइनकडे एकत्र बघण्यासारखं आहे.

पहिलं १९११ चं पिस्तूल. अमेरिकन लष्कराच्या चाचणीत त्यातून ६,००० गोळ्या झाडल्या आणि ते एकदाही अडकलं नाही. यात गॅसचा पिस्टन नाही, धक्क्याची ताकद आहे.

दुसरी १९१७ ची मशीनगन. तिपाईवर बसवायची, नळीभोवती पाणी खेळवून थंड ठेवायची. चाचणीत २०,००० गोळ्या बिघाडाशिवाय चालल्या. तिच्यातही धक्क्याचीच ताकद.

तिसरी १९१८ ची बीएआर, म्हणजे एका माणसाने हातात घेऊन पळता येईल अशी स्वयंचलित रायफल. इथे मात्र त्याने गॅस पिस्टन घेतला. नळीच्या खाली एक सिलिंडर, त्यात पिस्टन, आणि पिस्टनला जोडलेली मागची यंत्रणा.

ज्याने गॅस वापरून दाखवला, तोच माणूस जिथे गरज नाही तिथे गॅस वापरत नव्हता. ब्राउनिंगकडून घ्यायचा सगळ्यात मोठा धडा मला हाच वाटतो. आपल्याकडे एखादी प्रोग्रॅमिंग लँग्वेज शिकली की सगळं त्यातच लिहायचा हट्ट असतो. बंदुकीवर वाद घालणारे लोकही तसेच, पिस्टन म्हणजे पिस्टन. ब्राउनिंग आधी काम कोणतं ते बघायचा.

पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने त्याच्या डिझाइनच्या हक्कांसाठी ७,५०,००० डॉलर देऊ केले. रॉयल्टी घेतली असती तर याच्या कितीतरी पट मिळाले असते. त्याने घासाघीस न करता होकार दिला. त्याचा मुलगा व्हॅल स्वतः बीएआर घेऊन फ्रान्सच्या आघाडीवर गेला होता. रायफल नीट चालणं न चालणं हा आता घरचा प्रश्न होता.

या कौतुकाला दुसरी बाजूही आहे. २८ जून १९१४ ला सारायेव्होमध्ये ऑस्ट्रियाच्या युवराजाची आणि त्याच्या पत्नीची हत्या झाली आणि त्यातून पहिलं महायुद्ध पेटलं. मारेकऱ्याच्या हातात एफएनचं १९१० चं पिस्तूल होतं. तेही ब्राउनिंगचंच डिझाइन. मशीन न अडकता चालते, पण ती कुणाच्या हातात आहे ते तिला कळत नाही. ही गोष्ट बाजूला ठेवून या माणसाबद्दल लिहिणं मला बरोबर वाटत नाही.

२६ नोव्हेंबर १९२६ ला लिएजजवळच्या एफएनच्या कारखान्यात, मुलाच्या ऑफिसमध्ये, हृदय बंद पडून तो गेला. तेव्हा एका नव्या पिस्तुलावर काम चालू होतं. त्याच्या नावावर एकूण १२८ पेटंट जमा होती.

आता मूळ वाद: पिस्टन की डायरेक्ट?

ब्राउनिंगनंतर गॅसच्या कल्पनेला वेगवेगळ्या फांद्या फुटल्या. सोप्या भाषेत बघू.

लाँग स्ट्रोक पिस्टन: पिस्टन आणि बोल्ट कॅरियर एकमेकांना पक्के जोडलेले, दोघं शेवटपर्यंत एकत्र मागे जातात. बैलगाडीचं जू आणि गाडी जशी सोबत चालते तसं. बीएआर अशीच, एके-४७ पण अशीच. वजनदार भाग जोरात हलतो, त्यामुळे चिखल-मातीतही काम रेटून नेतो. तोटा असा की एवढं वजन पुढे-मागे आदळलं की रायफल हलते.

शॉर्ट स्ट्रोक पिस्टन: पिस्टन थोडंसं सरकतो, बोल्ट कॅरियरला टोला देतो आणि थांबतो. पुढचा प्रवास कॅरियर एकटा करतो. कॅरममध्ये स्ट्रायकर सोंगटीला मारून जागीच थांबतो आणि सोंगटी पुढे जाते, अगदी तसं. एसएलआर आणि गेममधल्या एम४१६ ची मूळ रायफल या प्रकारातल्या.

डायरेक्ट इंपिंजमेंट: इथे मधला पिस्टन नाहीच. एका बारीक नळीतून गॅस थेट मागे येतो आणि बोल्ट कॅरियरला ढकलतो. चुलीत फुंकणीने हवा मारतो तसं, फक्त उलट्या दिशेने. स्वीडनची युंगमन आणि फ्रान्सची एमएएस-४९ ही याची शुद्ध उदाहरणं. युजिन स्टोनरच्या एआर-१५ आणि एम१६ लाही सगळे याच गटात टाकतात. बारकाईने पाहिलं तर स्टोनरने गॅस बोल्ट कॅरियरच्या आतल्या पोकळीत नेला आणि बोल्टलाच पिस्टन बनवलं.

फायदे-तोटे अगदी सरळ आहेत. डायरेक्टमध्ये भाग कमी, वजन कमी, सगळी हालचाल नळीच्या रेषेत, त्यामुळे नेम धरायला बरी. पण तापलेला गॅस आणि त्याची काजळी थेट बोल्टजवळ येऊन बसते. पिस्टनमध्ये ही उष्णता आणि घाण पुढेच राहते, मागचा भाग थंड आणि स्वच्छ. त्याची किंमत म्हणजे पुढच्या बाजूला जास्त वजन आणि जास्त सुटे भाग.

काजळी दोन्हीकडे तयार होते. ती कुठे साठवायची, एवढाच निर्णय डिझाइन करणारा घेत असतो.

व्हिएतनाममध्ये काय झालं?

डायरेक्ट म्हणजे अडकणारी रायफल, ही बदनामी आली व्हिएतनाम युद्धातून. १९६० च्या दशकात एम१६ ऐन लढाईत अडकत होत्या आणि सैनिक मरत होते. १९६७ मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीने चौकशी केली. कारणं बघा. रायफल ज्या दारूवर तपासली होती ती बदलून काडतुसात वेगळीच दारू भरली गेली. काडतूस बसतं त्या जागेला आतून क्रोमचा मुलामा दिला नव्हता, त्यामुळे दमट हवेत गंज चढायचा आणि पुंगळी चिकटायची. वर ही रायफल साफ करायची फारशी गरज नाही असा समज पसरला होता, आणि साफसफाईचं सामानही पुरेसं दिलं नव्हतं.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. चालू सिस्टीमची एक लायब्ररी बदलली, पुन्हा टेस्टिंग केलं नाही आणि थेट प्रॉडक्शनला सोडून दिलं. आपल्याकडे त्याने ॲप बंद पडतं. तिथे पोरं गेली. पुढे क्रोमचा मुलामा आला, बफर बदलला, साफसफाईचं सामान आलं, आणि त्याच पद्धतीची रायफल आजही जगभर वापरात आहे.

भारतात हा वंश कसा आला?

ब्राउनिंगचं अर्धवट राहिलेलं पिस्तूल एफएनमधल्या दियुदोने सेव्ह या त्याच्या सहकाऱ्याने पूर्ण केलं. १९३५ चं हाय-पॉवर ते हेच. भारतात पश्चिम बंगालच्या इशापूर कारखान्यात ते ९ मिमी पिस्तूल म्हणून बनलं.

याच सेव्हने दुसऱ्या महायुद्धानंतर एफएएल रायफल घडवली. शॉर्ट स्ट्रोक पिस्टन, आणि गॅस किती घ्यायचा ते कमी-जास्त करायला रेग्युलेटर. १९६२ च्या चीन युद्धात आपले जवान दर गोळीला बोल्ट हाताने ओढाव्या लागणाऱ्या ३०३ रायफली घेऊन लढले होते. त्यानंतर इशापूरला एफएएलच्या धर्तीवर बनलेली एसएलआर सैन्यात आली, आणि पुढे पोलिसांकडेही.

मग पुण्यात पाषाणला असलेल्या एआरडीई संस्थेने इन्सास रायफल डिझाइन केली. तिच्यात एकेसारखा लाँग स्ट्रोक पिस्टन आहे आणि एफएएलसारखा गॅस रेग्युलेटर. १९९९ च्या कारगिल युद्धात ती आपल्या जवानांच्या हातात होती. डायरेक्टच्या फांदीतली एम४ आपल्या स्पेशल फोर्सेसनी वापरली आहे.

मग भारी कुठली?

हलकी हवी, अचूक हवी, आणि साफसफाईची शिस्त पक्की आहे? डायरेक्ट इंपिंजमेंट उत्तम. चिखल, पाऊस, धूळ, आणि साफ करायला कधी वेळ मिळेल याची खात्री नाही? मग पिस्टनचं थोडं जास्त वजन उचललेलं परवडतं. आमच्याकडच्या पावसाळी जंगलासाठी निवडायची वेळ आली तर मी पिस्टनच्या बाजूने हात वर करीन. पण ज्या जवानाला दारू बदललेली काडतुसं दिली, साफ करायचं सामान दिलं नाही, त्याला यातली कुठलीच पद्धत वाचवणार नाही.

त्यामुळे पुढच्या वेळी कुणी विचारलं की पिस्टन चांगला की डायरेक्ट, तर आधी त्याला तीन गोष्टी विचारा: रायफल कुठे वापरणार, गोळी कुठली वापरणार आणि ती साफ कोण करणार. या तिन्हींची उत्तरं हातात आली की निवड करणं फारसं अवघड राहत नाही.